मदत हवी आहे: भंगारातली चार एजीपी कार्डं (जुनी ग्राफिक्स कार्डं), कुठलं कुठल्या बोर्डात आणि तपासायचं कसं?

वऱ्हाडी_बिट्स (नागपूर):

विंडोज ९८ एसईचं गेमिंग मशीन बांधतोय. खोलीत एसी नाही, मे महिन्यात दुपारी आत चाळीसच्या वर तापमान असतं, हे धरूनच सल्ला द्या.

मदरबोर्ड दोन आहेत. एक इंटेल ४४०बीएक्स, स्लॉट १, त्यावर पेंटियम थ्री ६००ई आणि २५६ एमबी एसडीरॅम. दुसरा इंटेल ८४५, पेंटियम फोर १.८.

इतवारीतल्या भंगारातून मिळालेली, न तपासलेली कार्डं:
- व्हूडू३ ३००० एजीपी, १६ एमबी
- टीएनटी२ एम६४, ३२ एमबी
- जीफोर्स२ एमएक्स ४००, ६४ एमबी
- जीफोर्स४ एमएक्स ४४०, ६४ एमबी

४४०बीएक्सवर पहिली तीन लावली. व्हूडू ठीक चालतं. टीएनटी२ वर मशीन सुरू होतानाच अक्षरं चुकीची येतात. एमएक्स ४०० विंडोजमध्ये शांत असतं, पण थ्रीडीमार्क २००० (कार्डावर ताण टाकणारी चाचणी) सुरू केलं की सात-आठ मिनिटांत चित्र गोठतं. एमएक्स ४४० अजून लावलेलं नाही.

टीएनटी२ चा दोष कार्डात की बोर्डात, हे कळायला ते ८४५ मध्ये लावून बघू का? स्लॉटमध्ये बसतं आहे. आणि चारही कार्डांची तुलना करायची तर कुठल्या चाचण्या घ्याव्यात?

---

सोल्डरकाका:

टीएनटी२ ८४५ मध्ये लावू नका. बाकीचं नंतर.

८४५ चा एजीपी स्लॉट फक्त १.५ व्होल्टचा. ४४०बीएक्सचा ३.३ व्होल्टचा. कार्डाच्या सोनेरी कडेवरच्या खाचा याच कारणासाठी असतात: मागच्या (मॉनिटर जोडायच्या) पट्टीच्या जवळची खाच म्हणजे ३.३ चालतं, पट्टीपासून लांबची म्हणजे १.५ चालतं, दोन्ही असतील तर दोन्ही चालायला हवं. तुमच्या व्हूडू३ ला फक्त जवळची खाच असेल, म्हणून ते ८४५ मध्ये शिरणारच नाही. चांगलंच आहे.

घोळ टीएनटी२ एम६४ चा आहे. स्वस्तातल्या काही एम६४ कार्डांना (आणि एसआयएस ३०५ वाल्या काहींना) दोन्ही खाचा कापलेल्या असतात, पण आतून कार्ड ३.३ व्होल्टचंच असतं. ते ८४५ मध्ये बसतं, चालू केलं की ३.३ व्होल्ट थेट चिपसेटच्या (बोर्डाच्या मुख्य चिपच्या) पायांवर जातात आणि बोर्ड कायमचा मरतो. कार्ड मात्र बहुधा जिवंत राहतं, त्यामुळे ते पुढचाही बोर्ड मारू शकतं.

ओळखायचं कसं: मल्टिमीटर बीपवर ठेवा. कार्ड मशीनबाहेर. एक टोक व्हीजीए कनेक्टरच्या धातूच्या कवचाला, दुसरं एजीपीच्या ए-२ पिनला. या पिनचं नाव टाइपडिटेक्ट. १.५ व्होल्ट चालणाऱ्या कार्डात ती ग्राउंडला जोडलेली असते, बीप येतो. बीप नसेल तर खाचा काहीही सांगोत, कार्ड ३.३ चं समजा. 'ए' बाजू कोणती हे पिनआउटचं (कुठल्या पिनवर काय, याचं) चित्र समोर ठेवून ठरवा. खूण अशी की शेजारच्या ए-१ वर १२ व्होल्ट असतात आणि बी-२ वर ५.

---

बर्डीकर:

काहून घाई करून राहिले भाऊ, आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मोजा. एमएक्स ४०० गोठतं ते प्रत्येक वेळी कार्डामुळेच असं नाही.

एटीएक्स बोर्डाच्या मोठ्या कनेक्टरमध्ये मागून, नारिंगी तारेच्या खाचेत मीटरचं लाल टोक, काळ्या तारेत काळं. थ्रीडीमार्क चालू असताना मोजा, रिकाम्या डेस्कटॉपवर मोजून उपयोग नाही. ३.३ ची ओळ ३.१४ ते ३.४६ मध्ये हवी, लाल तारेवरची ५ ची ओळ ४.७५ ते ५.२५ मध्ये. आजचे नवे एसएमपीएस सगळा जोर १२ व्होल्टवर देतात. या काळातली कार्डं खातात ३.३ आणि ५ वर. डब्यावर ४५० वॅट लिहिलंय याला अर्थ नाही, ३.३ आणि ५ चे अँपिअर वाचा.

आणि टेबलावर उघडं मांडलेलं मशीन पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. ओली हवा आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, दोन्ही पिनांवर बसतात.

---

वऱ्हाडी_बिट्स:

मोजलं. टेस्ट चालू असताना ३.३ ची ओळ ३.२८, ५ ची ४.९७.

टीएनटी२ ला दोन्ही खाचा आहेत आणि ए-२ ला बीप नाही! ८४५ चा विषय संपला.

अक्षरांचं नीट बघून लिहितो. मेमरी मोजण्याच्या ओळीत इंग्रजी 'मेमरी' शब्दात मोठ्या 'एम'च्या जागी मोठा 'आय', छोट्या 'ई'च्या जागी छोटा 'ए', छोट्या 'एम'च्या जागी छोटा 'आय', 'ओ'च्या जागी 'के'. 'आर' आणि 'वाय' बरोबर. दर वेळी हेच. कडा खोडरबरने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, फरक नाही.

एमएक्स ४०० वर ५४ पायांच्या आठ मेमरी चिपा, शेवटी '-६' लिहिलेलं. टीएनटी२ वर तशाच चार. एमएक्स ४०० चा पंखा फिरतो, पण हाताने ढकलल्यावर.

---

एजीपीपंत:

अक्षरांची माहिती फार कामाची दिलीत. अक्षरांचे आस्की कोड मांडून बघा. मोठा 'एम' हेक्समध्ये ४डी, मोठा 'आय' ४९. छोटा 'ई' ६५, छोटा 'ए' ६१. 'ओ' ६एफ, 'के' ६बी. प्रत्येक ठिकाणी बरोबर ४ चा फरक, म्हणजे एकच बिट (शून्यापासून मोजला तर दुसरा) पडतोय. 'आर' ७२ आणि 'वाय' ७९, या दोघांत तो बिट मुळातच शून्य आहे, म्हणून ते वाचले. बिट उलटा, म्हणजे कायम १ वर अडकला असता, तर कोरी जागा (२०) बदलून २४ झाली असती आणि अख्खा पडदा डॉलरच्या चिन्हांनी भरला असता.

म्हणजे जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) किंवा कार्डाचा बायॉस गेलेला नाही. एका मेमरी चिपची एक डेटा लाइन तुटली आहे: एक पाय सोल्डरमधून सुटलाय, वाटेतला बारका रेझिस्टर उडालाय किंवा ती मेमरी चिप आतून गेली आहे. भंगाराच्या पोत्यात कार्डावर कार्ड घासलं की पहिल्या दोन गोष्टी हमखास होतात. भिंगाखाली चारही चिपांचे पाय बघा. प्रत्येक पायाला शिवणकामाच्या सुईने आडवा हलका धक्का द्या, सुटलेला पाय हलतो. मग चिप आणि जीपीयू यांच्या मधल्या रेझिस्टरांच्या रांगा बघा, चार-चारच्या जोडगोळ्या असतात, त्यातली एखादी कोपऱ्यावर फुटलेली दिसेल. पाय सुटला असेल तर फ्लक्स लावून बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने एकदाच टेकवा. सगळं ठीक दिसलं तर चिप बदलावी लागेल. तेवढा खटाटोप एम६४ साठी करू नये असं माझं मत, ६४ बिटचं अर्धं कार्ड आहे ते.

६४ बिट कसं, तर ५४ पायांची अशी एसडीरॅम चिप बहुतेक १६ बिटची असते. चार चिपा म्हणजे ६४. तुमच्या एमएक्स ४०० वर आठ आहेत, म्हणजे १२८ बिट, पूर्ण कार्ड. एमएक्स ४०० नावाखाली ६४ बिटचीही विकली गेली, त्यामुळे हे मोजल्याशिवाय दोन एमएक्स ४०० ची तुलनासुद्धा होत नाही.

---

सोल्डरकाका:

आता गोठण्याचं बघू. '-६' म्हणजे ६ नॅनोसेकंद, १००० भागिले ६ म्हणजे १६६ मेगाहर्ट्झ. एमएक्स ४०० ची मेमरी मुळात १६६ वरच चालते, हातात राखीव काही नाही. त्यात पंखा अडलेला. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा जितका वर तापायचा तितकाच तापतो, म्हणून २५ च्या खोलीतलं कार्ड ४३ च्या खोलीत नेलं की चिप सरळ १८ अंशांनी वर.

शोध या क्रमाने:

आधी कार्डाच्या बाजूने ८० मिमीचा पंखा सोडा आणि तीच टेस्ट चालवा. गोठणं थांबलं तर उष्णता, प्रश्न मिटला. पंखा बदला, जुनी पेस्ट सुकून खडू झाली असेल ती काढा. हीटसिंक पिनांवर असेल तर सहज निघतो. इपॉक्सीने चिकटवला असेल तर उपटू नका, चिपचा वरचा थर सोबत येतो.

थांबलं नाही तर रिव्हाट्यूनर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून मेमरी १६६ वरून १४५ वर आणा, कोअर (जीपीयूचा वेग) २०० वरच राहू द्या. आता चाललं तर मेमरी किंवा तिचा वीजपुरवठा. उलट करून बघा: मेमरी १६६, कोअर १७५. याने चाललं तर कोअरचा पुरवठा.

दोन्हींत शेवटी संशय कपॅसिटरवर येतो. त्या वर्षांतले खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर कुप्रसिद्ध आहेत. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला की बदलाच, पण सपाट डोक्याचेही गेलेले असतात. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्री, लो ईएसआर (आतला रोध कमी). बर्डीतले दुकानदार साधा ८५ डिग्रीवाला हातात ठेवतील, तो घेऊ नका. व्यास आणि उंची मोजून न्या, उंच कपॅसिटर शेजारच्या पीसीआय कार्डाला टेकतो. काढताना ग्राउंडचा पाय लवकर सुटत नाही, तिथे आधी थोडं नवं सोल्डर भरा, मग ओढा. जोर लावून ओढला तर भोकाची आतली नळी बाहेर येते.

---

एजीपीपंत:

तुलनेबद्दल. तब्येत तपासून झाल्याशिवाय आकडे घेऊ नका.

व्हूडू३ फक्त १६ बिट रंगात थ्रीडी काढतं, म्हणून सगळ्यांची पहिली फेरी १६ बिटमध्येच. ३२ बिटची फेरी एनव्हिडियावाल्यांमध्ये (टीएनटी२ आणि दोन्ही जीफोर्स) वेगळी. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या गतीला बांधणं) बंद. ते चालू राहिलं तर मॉनिटरचा रिफ्रेश दर मोजाल, कार्ड नव्हे.

क्वेक थ्री गेम, आवृत्ती १.३२: कन्सोलमध्ये 'टाइमडेमो १', मग 'डेमो फोर'. पहिली धाव सोडून द्या, ती डिस्कवरून वाचण्यात जाते. पुढच्या तीन धावांतला मधला आकडा घ्या. ६४०×४८० आणि १०२४×७६८, दोन्हीवर. दोन्हीकडे जवळपास सारखेच फ्रेम आले तर प्रोसेसरच अडवतोय. ६००ई वर एमएक्स ४४० चं असंच होईल, ६४० वर ते एमएक्स ४०० च्या फार पुढे दिसणार नाही. थ्रीडीमार्क २००० चा एकूण आकडा व्हूडूशी ताडू नका, जीफोर्सला हार्डवेअर टी अँड एल (आकृत्यांचं आणि प्रकाशाचं गणित कार्डानेच करणं) आहे, व्हूडूला नाही. तिथे फिलरेटचा (सेकंदाला किती पिक्सेल रंगवतं त्याचा) वेगळा आकडा बघा.

एनव्हिडियाच्या तिन्ही कार्डांना डिटोनेटर ४५.२३ हा एकच ड्रायव्हर ठेवा, व्हूडूला १.०७. एकाच विंडोजवर कार्डं बदलत बसू नका, जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहतात. सीएफ-आयडीई अडॅप्टरवर (कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड हार्ड डिस्कसारखं जोडतो तो) चिपसेट ड्रायव्हर आणि डायरेक्टएक्स ७ पर्यंतचं स्वच्छ विंडोज टाका, त्याची प्रत काढा आणि प्रत्येक कार्डाला तीच प्रत द्या.

व्हूडूच्या चित्राचा दर्जा स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. त्याचा रंग गुळगुळीत करणारा फिल्टर चित्र मॉनिटरकडे जाताना लागतो, स्क्रीनशॉटमध्ये तो येतच नाही.

---

वऱ्हाडी_बिट्स:

बाजूचा पंखा सोडल्यावर एमएक्स ४०० अर्धा तास गोठलं नाही. पंखा अन् पेस्ट बदलतो. एमएक्स ४४० ला दोन्ही खाचा, ए-२ ला बीप. टीएनटी२ च्या एका रेझिस्टर जोडगोळीचा कोपरा उडालाय, बाजूच्या जोडगोळीवर '२२०' लिहिलंय.

---

सोल्डरकाका:

'२२०' म्हणजे २२ ओहम, दोनशे वीस नव्हे. तुटलेल्या एकाच वाटेवर २२ ओहमचा सुटा ०४०२ आकाराचा रेझिस्टर आडवा बसवला तरी चालतं, अख्खी जोडगोळी काढायची गरज नाही. मेलेल्या लॅपटॉप बोर्डावर ढिगाने मिळतात, लावण्याआधी मीटरवर मोजा.

एमएक्स ४०० ची खरी परीक्षा दुपारी तीनला घ्या, बाजूचा पंखा काढून, कॅबिनेट बंद करून. सकाळी पास झालेलं कार्ड नागपुरात पास झालं असं धरता येत नाही.

---

बर्डीकर:

अन् त्या टीएनटी२ वर मार्करने "फक्त ३.३" लिहून ठेवा बाप्पा. उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती लागलं तर तो खाचा पाहूनच लावून मोकळा होईल.