‘पीपिंग टॉम’ला मराठीत काय म्हणायचं?

मायकेल पॉवेलच्या १९६०च्या या ब्रिटिश सिनेमाची मराठी उपशीर्षकं करतोय. नावासाठी ‘डोकावणारा’ सुचलाय. ‘व्हॉयर’ (चोरून पाहण्यात कामसुख घेणारा), ‘ऑब्सेशन’ आणि ‘फोकस पुलर’ यांनाही शब्द हवेत.

– ‘डोकावणारा’ फारच सोज्वळ. शेजारच्या स्वयंपाकघरातही माणूस डोकावतो. मूळचा टॉम म्हणजे कॉव्हेंट्रीचा शिंपी. लेडी गोडायव्हा विवस्त्र घोड्यावरून निघाली, गावाने खिडक्या लावून घेतल्या, याने फटीतून पाहिलं आणि आंधळा झाला, अशी दंतकथा. म्हणजे त्यात चोरटेपणा हवाच. ‘नयनसुख’ कसं वाटतं?

– नयनसुख कट्ट्यावर बसून घेतात हो! इथे नायक मार्क ट्रायपॉडच्या टोकदार पायाने बायकांना मारतो आणि मरतानाचा चेहरा चित्रित करतो. कॅमेऱ्याला आरसा लावलेला असतो, त्यात बाईला स्वतःचीच भीती दिसते. हा चोरून पाहत नाहीये, तिलाही पाहायला लावतोय. तेव्हा ‘चोरून पाहणारा’सुद्धा अर्धंच बसतं. ‘व्हॉयर’ला मी ‘दर्शनलोलुप’ म्हणेन. जड आहे, पण पात्राच्या तोंडी नाही, मानसोपचारतज्ज्ञाच्या तोंडी शोभेल.

– त्या तज्ज्ञाच्या संवादात शब्द ‘स्कॉप्टोफिलिया’ आहे, तिथे जपून. ग्रीकमध्ये ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे, ‘स्कोप्तेइन’ म्हणजे टवाळी करणे. मधला ‘ट’ (ग्रीकचा ‘त’) चुकून घुसलाय. उपशीर्षकात ‘दर्शनलालसा’ लिहून मोकळे व्हा.

– ‘फोकस पुलर’चं भाषांतर करूच नका. ‘फोकस ओढणारा’ वाचून लोक हसतील. मुंबईच्या सेटवरही फोकस पुलरच म्हणतात. कॅमेऱ्यावरच्या फिल्म-प्रतलाच्या (आत फिल्म जिथे असते त्या पातळीच्या) खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपने अंतर मोजायचं, खुणा करायच्या आणि नट हलला की त्या बरहुकूम भिंगाची रिंग फिरवायची, हे त्याचं काम. ५० मिमी भिंग, एफ/२ (म्हणजे भिंगाचं छिद्र बरंच उघडं) आणि २ मीटर अंतर असेल, तर जेमतेम १५-१६ सेंमी पट्टा स्पष्ट येतो. नट पुढे झुकला की डोळे धूसर. मार्कचा पोटापाण्याचा धंदा हाच. दिवसभर माणसांपासूनचं अंतर मोजणारा माणूस तो, हे कळलं नाही तर पात्र निसटतं.

– राहिलं ‘ऑब्सेशन’. ‘ध्यास’ फार उदात्त (ज्ञानाचा ध्यास असतो), ‘नाद’ बाटलीचा किंवा बाईचा, ‘हव्यास’ पैशाचा. क्रियापद चालत असेल तर ‘पछाडणे’ घ्या. त्यात धरणारा दुसराच असतो, आणि इथे तो आहे: मुलाच्या भीतीवर प्रयोग करून ते चित्रित करणारा बाप. नाम हवंच असेल तर ‘वासना’. कामवासना या अर्थाने नव्हे. पिंडाला कावळा शिवला नाही की आपण ‘वासना राहिली’ म्हणतो ना, ती. संस्कृतात वासना म्हणजे मागच्या अनुभवाचा मनात उरलेला ठसा.

– पटलं. पण संवादातच ठेवा. पोस्टरवर ‘वासना’ छापलंत तर भलतीच गर्दी येईल आणि मध्यंतरात पैसे परत मागेल. नाव ‘पीपिंग टॉम’च राहू दे.