मदत हवी आहे : प्राध्यापकांचा पगार आणि संशोधन, आधी काय?

नमस्कार मंडळी,

अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी हा विषय घेतला आहे आणि एका जागी पुरती अडकले आहे. जास्त पगार देणाऱ्या विद्यापीठांत संशोधनही जास्त दिसतं, हे ठीक. पण पगार वाढला म्हणून तीच माणसं जास्त काम करतात, की चांगला पगार मुळात चांगली माणसं ओढून आणतो? शिवाय अशा विद्यापीठांकडे प्रयोगशाळा, ग्रंथालय, संशोधक विद्यार्थी हे सगळं असतंच. मग श्रेय पगाराला किती द्यायचं?

म्हणून धोरण बदललं त्या जागा शोधते आहे. स्पेनमध्ये १९८९ पासून दर सहा वर्षांच्या संशोधनाचं मूल्यमापन होऊन पगारात भत्ता मिळतो. जर्मनीने २००२च्या कायद्याने वयानुसार वाढणारा पगार सोडून मूळ पगार कमी आणि कामगिरीचा भत्ता वेगळा अशी रचना आणली. २०१२मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हेसे राज्यातला मूळ पगार अपुरा ठरवला. चीनमध्ये शोधनिबंधामागे रोख बक्षीस मिळायचं, त्याला २०२०मध्ये सरकारने मनाई केली. मला हे उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पैसे निबंधांच्या संख्येला जोडले की संख्याच वाढते.

तर विचारायचं असं : बदलाच्या आधी आणि नंतर त्याच प्राध्यापकांचं काम कसं मोजावं? नुसती निबंधसंख्या मला पटत नाही, आणि उद्धरणं (म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या निबंधात त्या कामाचा दिलेला संदर्भ) जमायला वर्षं जातात. शिवाय गणित आणि वैद्यक यांची तुलना कशी करणार? कुणी अशी आकडेवारी हाताळली असेल तर कृपया सविस्तर लिहा.