मदत हवी आहे: कष्टाचा पैसा, आयता पैसा आणि देणगी

आमच्या गावातील हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीची वही गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दुधाच्या पगारातून मोजून ५१ रुपये देणाऱ्या एका काकूंनी, लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा झाल्यावर, स्वतःहून २५१ रुपयांची पावती फाडायला सांगितली. त्यांच्या यजमानांनी मात्र कांद्याची पट्टी (विक्रीचे पैसे) हाती असूनही नेहमीचाच आकडा लिहायला लावला.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी मांडलेली ‘मानसिक हिशेबा’ची कल्पना, म्हणजे माणूस पैशाच्या उगमानुसार मनात वेगवेगळे कप्पे करतो, ही मला ठाऊक आहे. चेरी, फ्रिकब्लोम आणि शोग्रेन यांच्या २००२ मधील प्रयोगात, कमावलेल्या रकमेतून लोकांनी अनोळखी व्यक्तीला जवळजवळ काहीच दिले नव्हते. तर एकेल आणि ग्रॉसमन यांच्या १९९८ मधील प्रयोगात, आयत्या मिळालेल्या पैशातून स्त्रियांनी पुरुषांच्या सुमारे दुप्पट दिले होते. पण ते प्रयोगशाळेतले. आमच्याकडे आकडा ध्वनिक्षेपकावरून पुकारला जातो, आणि तेथे उदारता कोठे संपते व प्रतिष्ठा कोठे सुरू होते, हे मला तरी उमगलेले नाही.

बचत गटाच्या बैठकीत देणगीबरोबर पैशाचा उगमही नोंदवावा, असा माझा विचार आहे. हा प्रश्न कोणालाही न दुखावता कसा विचारावा, आणि घरखर्च ज्याच्या अंगावर आहे त्याची तुलना इतरांशी कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.