मदत हवी आहे: शेंगा चटणीसाठी प्लॅस्टिकऐवजी कसली पिशवी?

मंडळी, जुळे सोलापुरात घरूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकते. भाकरीचं जमलं, ती कागदात छान राहते. अडलंय चटणीपाशी. तेल सुटतं, कागद दोन दिवसांत पारदर्शक! पुण्याला कुरिअरने पाठवलेलं एक पार्सल तर अख्खं तेलकट होऊन पोचलं. त्यात आपला मे महिना, ४० च्या वरचा.

मध्यंतरी मक्याच्या स्टार्चच्या म्हणून पिशव्या आणल्या, दुप्पट भावाने. त्यातली एक परसातल्या खतात पुरली. सहा महिन्यांनी उकरली तर नुसती मळलेली, बाकी जशीच्या तशी. नंतर वाचलं की पीएलए (मक्याच्या स्टार्चपासून केलेलं प्लॅस्टिक) कुजायला साधारण ५८-६० अंशांचं कारखान्यातलं कंपोस्टिंग लागतं, घरच्या खड्ड्यात भागत नाही. मग गिऱ्हाइकाला ‘विघटनशील’ असं कोणत्या तोंडाने सांगू?

कुणी तेलकट पदार्थाला खरंच टिकणारं काही वापरलंय का? पिशवीवर आयएस १७०८८ (कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचं मानक) लिहिलेलं पुरे, की विक्रेत्याकडे सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) प्रमाणपत्रही मागायचं? काचेची बरणी सुचवू नका, कुरिअरवाले ती कशी आपटतात ते पाहिलंय. सोलापुरात शंभर-दोनशे नग सुटे कुठे मिळतील तेही सांगा.