कॉलेजचा जुना बास्केटबॉल हॉल: दुरुस्त करावा की पाडून नवा बांधावा?

पहाटेची_प्रॅक्टिस

नमस्कार. मी नागपूरची. इथल्या एका जुन्या कॉलेजच्या इनडोअर हॉलमध्ये अकरावीपासून बास्केटबॉल खेळले, विद्यापीठाच्या संघात गेले ती तिथूनच. आता चौदा वर्षं झाली, बँकेची नोकरी सांभाळून पहाटे साडेपाच ते साडेसात त्याच कोर्टावर मुलींना शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. निर्णय व्हायचाय आणि मला कुणाशी वैर घ्यायचं नाही.

हॉल १९६८ सालचा. विटांच्या जाड भिंती, आरसीसीचे कॉलम, वर लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि सिमेंटचे पत्रे. खाली सागवानी फळ्यांचं कोर्ट. दोन्ही लांब बाजूंना चार-चार पायऱ्यांची बैठक. पूर्वेच्या भिंतीत उंचावर खिडक्या आहेत. डिसेंबरात सव्वासातला ऊन तिथून आत येतं आणि बरोबर फ्री थ्रो लाइनवर पडतं. थंडीत मुली त्या उन्हाच्या पट्ट्यात उभं राहायला धडपडतात.

संस्थेने माजी खेळाडूंची समिती केली आहे, तीत मीही आहे. पुढ्यात दोन प्रस्ताव आहेत. एक, आहे तो हॉल दुरुस्त करायचा. दुसरा, हा पाडून जागा पार्किंगला द्यायची आणि शहराबाहेर हिंगण्याच्या पुढे संस्थेची जमीन आहे तिथे दोन हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभारायचं. दुरुस्तीचा अंदाजखर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. पण बैठकीत एकजण म्हणाले, "जुन्यात पैसा घालणं म्हणजे भोकाच्या पिशवीत पीठ भरणं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हालत खरंच वाईट आहे, ते लपवत नाही. छप्पर तीन जागी गळतं. जुलैत उत्तरेच्या बास्केटखाली बादली ठेवून आम्ही अर्ध्याच कोर्टावर खेळतो. डाव्या कोपऱ्यात, थ्री पॉइंट लाइनच्या आत, हातभर जागा अशी आहे की तिथे चेंडू आपटला तर वर येतच नाही. मुली तिला 'विहीर' म्हणतात. दिसायला फळी अगदी सारखी आहे. पाहुण्या संघाला ते माहीत नसतं, म्हणून मॅचच्या आधी मी स्वतः त्यांच्या कॅप्टनला ती जागा दाखवते.

सहा वर्षांपूर्वी कोर्टाला पॉलिश झालं. तेव्हा ठेकेदाराने फळ्या आणि भिंत यांच्यामधली बोटभर फट सिमेंटने बुजवून टाकली, स्वच्छ दिसावं म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात मधल्या फळ्या तंबूसारख्या वर उचलल्या. माझ्या एका मुलीचा पाय तिथे अडकला, घोट्याचं लिगामेंट गेलं आणि तिचं बारावीचं अख्खं वर्ष बाकावर बसण्यात गेलं. मी तिच्या घरी गेले होते. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मे महिन्यात पत्रा तापला की आत उभं राहवत नाही. मुलींना कपडे बदलायला खोली नाही. स्वच्छतागृह एकच, तेही मागे अंधारात.

तरीही माझं मन पाडण्याच्या विरुद्ध आहे. माझ्या मुली महाल, इतवारी, सक्करदऱ्याहून सायकलने येतात. पहाटे पाचला हिंगण्याच्या पुढे कोणती आई मुलीला पाठवील? पण उद्या एखादी कैची खाली आली तर माझ्या मनाला काय किंमत? म्हणून विचारते, असा हॉल वाचण्यासारखा आहे की नाही हे ठरवायला नेमकं काय तपासायचं? आणि कुणी जुनं राखलेलं किंवा नवं बांधलेलं पाहिलं असेल, तर पुढे काय झालं तेही सांगा.

गिलाव्याआड

ताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, धरमपेठेत ऑफिस आहे. जुन्या इमारतींची तपासणी हेच माझं निम्मं काम. अंदाजखर्चाचे कागद सध्या बाजूला ठेवा. तपासणीआधी काढलेला दुरुस्तीचा आकडा हा आकडाच नसतो.

कॉलमपासून सुरुवात करा. दोन-चार जागी गिलावा आणि थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फेनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारतात. काँक्रीट गुलाबी झालं तर आतली अल्कता शाबूत आहे, सळई सुरक्षित आहे. रंग आला नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर शिरलाय. हा बिनरंगाचा थर किती खोल आहे ते पट्टीने मोजायचं. तो सळईपर्यंत पोचला असेल आणि ओल असेल, तर गंज सुरू झालाच म्हणून समजा. हे तुमच्यासमोर करायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे आणि डोळ्यांना दिसतं. जोडीला रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून टणकपणा मोजतात) आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (ध्वनिलहरी सोडून आतल्या भेगा-पोकळ्या शोधतात) या चाचण्या होतील, पण एकट्या हॅमरच्या आकड्यावर इमारत पास किंवा नापास करणाऱ्याला घरी पाठवा.

लोखंडी कैची खालून बघितली की मधला भाग दिसतो. मधला भाग सहसा ठीकच असतो. ती भिंतीवर टेकते ते टोक बघा, जिथे पन्हळीचं पाणी झिरपतं. तिथे गंज खरवडून जाडी मोजायची. टोकंच खाल्ली असतील तर तेवढा भाग कापून नवा जोडता येतो. अख्खी कैची बदलायची वेळ फार कमी येते.

मग पाया. तुमचा हॉल काळ्या मातीवर असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, आणि भिंतीत तिरप्या भेगा पडतात. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तुटली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून हलतेय. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. संस्थेला घाई असेल तर हेच सगळ्यात अवघड जाईल, पण याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. सिमेंटचे पत्रे काढून हलके इन्सुलेटेड पॅनेल टाकले की उन्हाळा सुसह्य होतो आणि कैच्यांवरचा भार कमी होतो. पण हलकं छप्पर वादळात उचललं जातं. नागपूर भूकंपाच्या कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, त्याची धास्ती कमी. वाऱ्यासाठी मात्र इथे सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरावा लागतो. छप्पर बदललं की कैची भिंतीला घट्ट बांधणारे बोल्टही नव्याने डिझाइन करायचे. ते अंदाजपत्रकात आहेत का, विचारा.

आणि टेप घेऊन हॉल मोजा. कोर्ट २८ बाय १५ मीटर. भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा, म्हणजे ३२ बाय १९. वर ७ मीटरपर्यंत काहीही आडवं नको. कैचीची खालची दांडी याच्या खाली असेल, तर कितीही पैसा ओता, तिथे नियमातली स्पर्धा होणार नाही. मग तो फक्त सरावाचा हॉल, हे आधीच मान्य करून पुढे जावं लागेल.

खापरीवाला

ताई, तुमचं म्हणणं समजून राहिलो मी. माझी पोरगी पण खेळते. पण मी नव्याच्या बाजूचा आहे, अन् मनापासून सांगतो.

जुन्या हॉलमध्ये एक काम काढलं की त्यातून दहा निघतात. पत्रा बदलला तर वायरिंग जुनं, वायरिंग बदललं तर भिंत ओली. दर तीन वर्षांनी वर्गणीची पावती फाडायची का? अन् संडास-बाथरूम, दोन बाजूंनी बाहेर पडायचे रुंद दरवाजे, व्हीलचेअरसाठी रॅम्प, अँब्युलन्स आत यायचा रस्ता, हे सगळं जुन्यात कुठं कोंबणार? आमच्या पोरींनी अजून किती वर्षं अंधारात मागं जायचं?

जामठ्याचं स्टेडियम होऊन राहिलं होतं तेव्हा पण सगळे हेच म्हणत होते, एवढ्या दूर कोण जाते बाप्पा. २००८ मध्ये तिथं पहिली टेस्ट झाली, ऑस्ट्रेलियासंगची, गांगुलीची शेवटची. तेव्हापासून लोक जाऊनच राहिले. आता मेट्रो पण खापरीपर्यंत येते. दूर असलं म्हणून वाईट होत नाही. वाईट असलं की लोक जात नाहीत.

पहाटेची_प्रॅक्टिस

दादा, स्वच्छतागृहाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. दुरुस्ती ठरली तरी मी त्याशिवाय सही करणार नाही. पण जामठा झालं म्हणून सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान पाडलं का? मोठे सामने तिकडे गेले, आणि इथे आजही क्रिकेट चालू आहे. आमच्याकडे मात्र एक हवं तर दुसरं पाडा, असा प्रस्ताव आहे. आणि टेस्ट बघायला वर्षातून एकदा जातात, सरावाला रोज जावं लागतं.

हिवाळ्यातला_पाहुणा

मी मूळचा इथलाच, पण सहा वर्षं अमेरिकेत इंडियानापोलिसला होतो. तिथल्या बटलर विद्यापीठाचं हिंकल फील्डहाउस १९२८ मध्ये उघडलं. तेव्हा १५,००० माणूस बसायचं, आणि बरीच वर्षं ते त्या देशातलं बास्केटबॉलचं सगळ्यात मोठं सभागृह होतं. छपराखालच्या उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन कोर्टावर उतरतं. तुमचा तो फ्री थ्रो लाइनवरचा उजेड वाचला आणि मला तेच आठवलं. १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. बटलरचा संघ २०१० आणि २०११ मध्ये लागोपाठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या भरात नवं बांधायचा मोह सहज झाला असता. त्यांनी जुनंच नीट केलं. २०१४ मध्ये काम संपलं, खर्च सुमारे ३.६ कोटी डॉलर. आता तिथे साधारण ९,१०० माणसं बसतात.

हा शेवटचा आकडा समितीपुढे ठेवा. त्यांनी माणसं कमी करून इमारत वाचवली. जुन्या इमारतीकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर ती टिकते.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचं रेनॉल्ड्स कोलिझियम १९४९ चं, १२,४०० जणांचं. पुरुषांचा संघ १९९९ मध्ये शहरातल्या मोठ्या नव्या आरिनात गेला. जुनं पाडलं नाही, महिलांचा संघ तिथेच खेळत राहिला. २०१६ मध्ये नूतनीकरण करून आसनं सुमारे ५,५०० वर आणली. आज ते महिला संघाचं हक्काचं घर आहे. तुमच्यासाठी हे उदाहरण हिंकलपेक्षा जवळचं वाटतं मला. दर वेळी असं होतं असं नाही. ऑरेगन विद्यापीठाने १९२७ चं मॅकआर्थर कोर्ट २०११ मध्ये सोडलं आणि नवं आरिना घेतलं.

सागवान_सुतार

आमचं घराणं सुतारकामाचं. ताई, फळ्या फेकू देऊ नका. त्या काळातलं सागवान चंद्रपूर-बल्लारशाहकडचं असणार, तसं लाकूड आता सहजी मिळत नाही. इंचभर जाड फळी असेल तर तासून, घासून पुन्हा नवी निघते.

तुमची ती विहीर म्हणजे फळ्यांखालची रीप, ज्या लाकडी पट्टीवर फळ्या टेकतात ती, एकतर कुजली नाहीतर वाळवीने खाल्ली. तेवढ्या चार फळ्या उचलून बघा. भिंतीलगतची फट परत मोकळी करा. आपल्याकडे एप्रिलमध्ये लाकूड आकसतं, ऑगस्टमध्ये फुगतं, त्याला हलायला जागा लागते. कूलरचा झोत कोर्टावर कधीच नको.

आणि बाहेरून जोत्याला हवेच्या जाळ्या असतील त्या शोधा. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले की जमीन वर येते आणि जाळ्या गाडल्या जातात. मग फळीखाली ओल कोंडते. निम्म्या ठिकाणी दुखणं तिथंच असतं.

पहाटेची_प्रॅक्टिस

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल रविवार होता. शिपाईकाका आणि माझ्या दोन मुली, असे आम्ही चौघं टेप घेऊन हॉलमध्ये होतो.

कैचीच्या खालच्या दांडीपर्यंत ७.२० मीटर भरले. तीनदा मोजलं. लांबी ३२.४०, तीही पुरते. रुंदी मात्र दोन्हीकडच्या पहिल्या पायरीपर्यंत १७.८० च, म्हणजे १ मीटर २० सेंटिमीटरने कमी. पायरी ७५ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंची एकेक पायरी काढली तर १९.३० होतात. बैठक एका ओळीने कमी होईल, एवढंच. हिंकलचं वाचलं नसतं तर पायरी काढायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. दोन हजार माणसं आमच्याकडे एरवीही येत नाहीत, आणि मोठ्या स्पर्धेसाठी मानकापूरच्या क्रीडा संकुलात इनडोअर हॉल आहेच.

मग बाहेर गेलो. काकांनी सब्बलीने भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक उचलले. चौथ्या ब्लॉकखाली जाळी लागली, मातीने गच्च भरलेली. बोटांनी माती काढली तशी आतून गार, कुबट हवा हाताला लागली. पश्चिमेच्या एका भिंतीत अशा पाच जाळ्या सापडल्या, पाचही बुजलेल्या. काका म्हणाले, ब्लॉक बसवले त्याच्या पुढच्या वर्षी विहीर झाली. मला ते आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं.

खापरीवाले दादा, तुमचे मुद्दे मी समितीच्या टिपणात सगळ्यात वर लिहिले आहेत: पूर्वेच्या बाजूला दिवा असलेली दोन स्वच्छतागृहं, चेंजिंग रूम, दुसरा दरवाजा, रॅम्प. ते बसत नसेल तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. हिंगण्याला संस्थेला स्टेडियम बांधायचं असेल तर जरूर बांधावं, पण हा हॉल पाडून नको, असं लिहिलं आहे.

गिलाव्याआड दादा, बैठक पुढच्या शनिवारी चार वाजता आहे. भेगेवर काचेच्या पट्ट्या आज लावल्या, तारीख घालून. ते गुलाबी रंगाचं तुम्ही समितीसमोर करून दाखवाल का? तुमची फी मी आणि आमच्या बॅचच्या मुली मिळून देऊ. शिडी आमच्याकडे आहे.