गुराब, गलबत आणि नाळ

कसबा पेठ : यंदा दिवाळीच्या किल्ल्याशेजारी जलदुर्ग आणि आरमार मांडायचं आहे. मोठ्या नौकेच्या पाटीवर ‘गुराब’ आणि लहानीच्या ‘गलबत’ लिहिलं तर चालेल ना?

कोथरूड : चालेल, पण फरक नुसत्या आकाराचा नाही. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, अशी गुराब साधारण १५० टनांपर्यंत; तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. खरी ओळख नाळेवरून. नाळ म्हणजे पाणी कापणारं पुढचं टोक. गुराब मध्ये रुंद, मग निमुळती होत जाते आणि नाळ लांब पुढे येते. समोरच्या लाटांत अशी नौका जोरात गोते खाते, म्हणून नाळेवरच्या डेकला कठडा नसतो. चढलेलं पाणी लगेच वाहून जातं. नाळेमागे आडवी फळ्यांची भिंत, तिच्या झरोक्यांतून दोन तोफा नाळेवरून समोर मारा करतात. पुढून उंच आणि गोलसर नौका केली असेल तर ती युरोपीय घडण, तिला गुराब म्हणू नका. शब्द अरबी ‘घुराब’वरून आला, अर्थ कावळा. मराठीत स्त्रीलिंगी : ती गुराब, त्या गुराबा.

औंध : गलबत सहसा ७० टनांच्या आत. मागची डोलकाठी बारीक. मोठ्या डोलकाठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड, चढवलं की त्याचं टोक काठीच्याही वर जातं. हे बहुतेक जण चुकवतात! शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात ते परबाण. वल्ही ४०-५०. हलक्या गलबतांचा डेक चिरलेल्या बांबूचा. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून नेत, तेव्हा देखाव्यात दोन्ही दोरखंडाने जोडलीत तरी बरोबरच.

कसबा पेठ : फळ्या एकीवर एक चढवून चिकटवल्या आहेत.

कोथरूड : काढा. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या नौकांच्या फळ्या कडेला कड भिडवून, खाचेत खाच बसवून जोडत. सांध्यात राळ-तेल लावलेला कापूस. बुडत्या भागाला चुना आणि तेलाचा लेप, नाहीतर समुद्री किडा लाकूड पोखरतो. म्हणून पाण्याखालचा भाग पांढरट रंगवा. लाकूड सागाचं, त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत.

औंध : आणि तळाच्या लांब कण्याची पाटी ‘पठाण’.