गाडीत काढलेल्या रात्री : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

भर पावसात गायमुखला रस्ता अडतो, घरचं माणूस रुग्णालयात असतं आणि वॉर्डात एकालाच थांबू देतात, पहाटेच्या विमानाने कुणी येणार असतं, नाहीतर वाशीच्या मार्केटात माल उतरवायचा असतो. आपल्याकडे गाडीत रात्र काढायची वेळ अशी येते, हौसेने नाही. एसी लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशी बातमी अधूनमधून वाचते आणि जीव तुटतो, कारण हे टाळता येतं. तुम्ही गाडी कुठे लावता, हवेचं काय करता, कुणी हटकलं का, हे सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

नेरूळ

सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी वॉर्डात नणंद थांबली आणि आम्ही दोघं खाली गाडीत. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये. मे महिना, अंगाची नुसती काहिली. ह्यांनी एसीसाठी चावी फिरवली आणि तेवढ्यात काचेवर टकटक झाली. रखवालदार काका होते. "ताई, इथं झोपायचं नाही. वर चला." मला आधी वाटलं, नियमावर बोट ठेवताहेत. पण त्यांनी हातातली बॅटरी मागच्या भिंतीवर मारली. गुडघ्याच्या उंचीला काजळीचे गोल डाग उमटले होते, गाडीच्या एकेका जागेमागे एकेक. म्हणाले, "हा दिसतो तो धूर. न दिसणारा कुठं जात असेल?"

त्यांनी आम्हाला वर, अपघात विभागाच्या फाटकाजवळ दिव्याखाली जागा करून दिली. गाडीचा मागचा भाग भिंतीकडे नको, मोकळ्या बाजूला ठेवा, हेही सांगितलं. इंजिन बंद, काचा खाली, मानेभोवती ओला पंचा. झोप तुकड्यातुकड्याने लागली, पण लागली. काका फेरीवर आले की प्रत्येक गाडीत डोकावून बघायचे.

नंतर नीट वाचून काढलं. बंद काचांमुळे माणूस गुदमरतो, हा समज अर्धवट आहे. गाडी हवाबंद डबा नसते. इंजिन बंद असेल तर दोन माणसांच्या श्वासाने रात्रीत हवा संपत नाही, उकडतं मात्र भयंकर. जीव घेतो तो इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. एसीमधून विष येतं असंही नाही. एसीसाठी इंजिन चालू राहतं, तिथे घात होतो.

कोपरखैरणे, टॅक्सी चालवतो

ताई, चांगला विषय काढलात. आमची निम्मी झोप गाडीतच होते. माझी पद्धत सांगतो. इंजिन बंद, चावी खिशात, आणि झोपायचं डाव्या सीटवर किंवा मागे. ड्रायव्हरच्या सीटवर चालू इंजिनात डोळा लागला तर झोपेत पाय ॲक्सिलरेटरवर पडतो, इंजिन तासन्‌तास रेस होतं आणि सायलेन्सर लाल होईपर्यंत तापतो. खाली वाळलेलं गवत असेल तर पेट घेतं.

स्टँडवर पोरं म्हणतात, सीएनजीचा धूर स्वच्छ, एसी चालू ठेवला तरी चालतो. अजिबात नाही. तो वायू सीएनजीच्या धुरातही असतो. आणि एक हात जोडून सांगणं : गाडीत मच्छर अगरबत्ती लावू नका. तीही जळते, तिचाही धूर, वर सीटला आग लागायची भीती. मी खिडकीला चुंबकाची जाळी लावतो. खाडीकाठचे मच्छर तिलाही जुमानत नाहीत, म्हणून अंगाला मलमही चोळतो.

कळवा, परिचारिका

विषबाधेची सुरुवात अशी होते की ती थकव्यासारखीच वाटते : डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, ग्लानी. दमलेला माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो, आणि तिथेच उशीर होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला दोन्हींमधला फरक कळत नाही, आकडा ९८ दाखवेल आणि माणूस आत गुदमरत असेल.

चालू गाडीत कुणी निपचित दिसलं तर "प्यायलेला असेल, झोपू दे" म्हणून पुढे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. दारं उघडा, इंजिन बंद करा, माणसाला ओढून उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला घ्या. रुग्णवाहिकेला "गाडीच्या धुराची केस आहे" असं स्पष्ट सांगा.

वाशी मार्केट, जुन्नरहून माल आणतो

काच उघडी म्हणजे दोन बोटं. हात आत गेला की मोबाइल गेला. फोन डॅशबोर्डवर चार्जिंगला नको, बनियनच्या आत ठेवायचा. आपल्या भागातल्या टेम्पोंच्या रांगेत लागायचं, एकटं नाही.

ठाणे, कासारवडवली

मी एकटी स्त्री म्हणून लिहिते. घोडबंदरला कोंडी फुटेना तेव्हा पेट्रोल पंपावर थांबले. तिथे उजेड, कॅमेरा, स्वच्छतागृह होतं आणि माणसं जागी होती. आधी पंपावरच्या दादांना सांगितलं, गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवलं, ठिकाण बहिणीला पाठवलं. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरूनही लागतो, हे मुलींना आवर्जून सांगते.

पावसाचं वेगळं भान हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये माणसं गेली. पाणी चढायला लागलं की गाडीचा मोह सोडून बाहेर पडायचं. दार उघडलं नाही तर बाजूची काच कोपऱ्यात फोडायची. समोरची दोन थरांची असते, ती सहज फुटत नाही.

बेलापूर

वरच्या ताईंना जोड देते. आमच्याकडचे सखल भाग भरतीवर अवलंबून आहेत. पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पावसाचं पाणी साठवायचे धारण तलाव भरतात आणि पाणी खाडीत उतरत नाही. पावसाळ्यात रात्री गाडी लावण्याआधी भरतीची वेळ बघा.

खारघर

आमची इलेक्ट्रिक आहे, धूर नाही, एसी लावून झोपतो. तरी तळघरात नाही, शेजारची पेट्रोल गाडी कधी चालू होईल काय सांगावं!

तुर्भे, गॅरेज आहे

उघड्यावर लावली म्हणून इंजिन चालू ठेवायला मोकळीक मिळत नाही, कारण धूर खालूनही आत शिरतो. गाडी मागून ठोकली गेली असेल तर डिकीचं रबर नीट बसतं का बघा. डिकीच्या दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून डिकी बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर रबर बदला. सायलेन्सर थंड असताना गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा. पाइपच्या जोडाला काळा ओघळ दिसला तर धूर तिथूनच फुटतो, गॅस्केट बदलून घ्या. गॅरेजवाल्याला ओघळ बोटाने दाखवायला लावा, नुसतं "बघितलं" म्हणाला तर मानू नका.